उपरण्याखालची पिकअप

पिकअप लीजवर घेताना मला माझ्या घरमालकाने फसवलं. शोरूमवाल्याने नाही, लीज कंपनीने नाही, घरमालकाने. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या माणसाबद्दल बोलायला लागलं की हसू येतं, आणि हसता हसता मूळ गुन्हा बाजूला राहतो. तीन वर्षं तर मला तो दिसलाही नाही.

फसवणूक माझ्या फायद्याची होती, हे कबूल आहे. पण त्याने राग कमी होत नाही, वाढतो. नुकसान झालं असतं तर मी भांडून भरून काढलं असतं. फायदा कुणाकडून भरून घ्यायचा?

घरमालक म्हणजे खरं तर शेडमालक. पेठ रोडला त्यांचं पत्र्याचं लांबट शेड. पूर्वी तिथे बैल बांधत, आता तिथे माझ्या कामाच्या बायका, सुरुवातीला सहाच, बसून मेथी निवडतात, लसूण सोलतात, गवारीच्या शिरा काढतात. निवडलेली, चिरलेली भाजी मी हॉटेलांना आणि कारखान्यांच्या कॅन्टीनला पोचवते. सुरुवात केली तेव्हा पेठ नाक्यावर गोणपाट अंथरून बसत होते. गोणपाटही उसनं होतं. तिथून इथपर्यंत मी फक्त तोंडाच्या जोरावर आले. शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरतं, ओळख नाही, सासरच्यांनी हात वर केलेले. तोंड मात्र देवाने भरपूर दिलं आणि ते मी वाया घालवलं नाही. बोटाला विळी लागली तेव्हा डॉक्टरने पाच टाके घातले आणि मी चारचे पैसे दिले. पाचवा त्याच्या हौसेचा होता.

शेडच्या मालकांना सगळे काका म्हणत. मीही. ते बैलबाजारातले दलाल. आता ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: बैलाचा भाव तिथे तोंडाने होत नाही. दलाल खांद्यावरचं उपरणं काढतो, हातावर टाकतो, त्याखाली घेणाऱ्याचा हात धरतो आणि बोटं दाबून आकडा विचारतो. मग देणाऱ्याचा हात धरतो. भोवती पन्नास माणसं माना लांबवून उभी असली तरी भाव उपरण्याखालच्या हातांनाच कळतो.

काकांनी सगळा जन्म हे केलं आणि त्याचा परिणाम असा झाला की त्यांच्या तोंडातून आकडा निघेनासा झाला. कुठलाच. वय विचारलं तर म्हणायचे, "हात दे." किती वाजले विचारलं तर मनगट पुढे करायचे, घड्याळ तूच बघ. बसमध्ये तिकीट काढताना कंडक्टरशी रोज तमाशा. घरात काकू विचारायच्या, "भाकरी किती टाकू?" की हे चुलीपाशी जाऊन उपरणं टाकायचे. काकू पीठ लागलेला हात त्याखाली घालायच्या आणि ओरडायच्या, "तीन? परवा दोन खाल्ल्या अन् रातभर पोट धरून बसला होता!" म्हणजे गुपित तिथल्या तिथे फुटायचं. पण काकांनी आपल्या तोंडाने फोडलं नाही, एवढं समाधान त्यांना पुरत असे.

"आकडा तोंडातून निघाला का त्याचा जीव जातो," असं ते म्हणत. "मेलेल्या आकड्याला कोण घाबरतं?"

एकदा माझ्या शेडमध्ये लसणाच्या ढिगाशेजारी बसले असताना त्यांना फोन आला. स्पीकर चालूच, कारण बंद कसा करायचा ते माहीत नव्हतं. पलीकडून एकजण म्हणाला, "अंकल, बैंक से बोल रहा हूँ. आपके मोबाइल पे नंबर आया होगा, वो बताइए."

"आकडा तोंडाने नाय सांगत मी," काका म्हणाले.

"अंकल, सिर्फ छह अंक है."

"किती का असंना. समोर ये. हात दे. उपरणं माझं हाय."

"क्या है?"

"उपरणं! कपडा! उसके नीचे!"

पलीकडच्याने शेजारच्या कुणाला तरी काहीतरी विचारलं. मग म्हणाला, "अंकल, मैं बहुत दूर से बोल रहा हूँ."

"मग गाडी कर. सौदा करायचा तर बाजारात यावं लागतं का नाय?"

त्याने फोन ठेवला. सहाही बायका लसणात लोळत होत्या. काकांना मात्र खरंच वाईट वाटलेलं. "गिऱ्हाईक कच्चं व्हतं," म्हणाले. शहाण्यासुरत्या, शिकल्यासवरल्या माणसांची खाती रिकामी झालेली मी ऐकली आहेत. काकांच्या खात्यातला पैसाही हलला नाही.

दुसरी खोड म्हणजे खोड विचारण्याची. कुणी काहीही विकायला आलं, की भाव विचारायच्या आधी काका म्हणायचे, "खोड सांग." बैल विकणाऱ्याने बैल मारका आहे का, बसका आहे का, पाण्याला बुजतो का, ते आधी सांगायचं असतं, अशी त्यांची समजूत. आंबेवाला, फ्रीजवाला, सगळ्यांना तोच प्रश्न. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला मुलगा आला, तेव्हा मी काकांना वडीलधारे म्हणून बसवलं. पोहे झाले, चहा झाला, मुलाचे मामा पगार सांगायला लागले, आणि काका मुलाकडे वळून म्हणाले, "ते राहू दे. खोड सांग."

सगळ्यांच्या माना खाली. मी काकांच्या पायावर पाय दिला. मुलाने कपातली साय बोटाने बाजूला केली आणि म्हणाला, "मी घोरतो. लय घोरतो. होस्टेलमध्ये मला वेगळी खोली दिली होती."

"दे करून," काका मला म्हणाले. "खोड सांगणारा बैल मारत नाय."

बहीण सुखात आहे. दुसऱ्या खोलीत झोपते.

काकांचं आणि माझं मात्र पहिल्या दिवसापासून बिनसलेलं. शेडचं भाडं ठरवायला मी गेले ती तोंड परजून. पत्रा गळतो, नळाला पाणी नाही, मागच्या बाजूला गटार, सगळं मुखोद्गत. काकांनी उपरणं टाकलं आणि हात पुढे केला. मी बोलायला लागले की ते शेजारच्या निंबाकडे बघायचे. थांबले की बोट दाबायचे. मी दाबलं. त्यांनी दाबलं. उपरण्याखाली भांडता कसं येणार? आवाज चढवायला जागा नाही, डोळे वटारायला डोळे दिसत नाहीत. पाच मिनिटांत भाडं ठरलं आणि घरी येताना मला कळलं की मी ठरवलेल्यापेक्षा जास्त दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. ते शल्य मी मनात ठेवून होते, हेही लिहून ठेवते. नाहीतर लोक म्हणतील, मी एका पिकअपवरून भांडायला उठले.

आता पिकअप.

माझ्याकडे एक जुना टेम्पो होता. तो ओझरच्या रस्त्यावर महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा कॅन्टीनच्या मॅनेजरने सांगितलं, "ताई, सहा वाजता गेटवर भाजी पाहिजे. आमची माणसं शिफ्टला येतात, तुमची भाजी येत नाही. पुढच्या एक तारखेपासून काम दुप्पट होतंय, तुम्हालाच द्यायचंय. पण गाडी नवी दिसली पाहिजे. नाही दिसली तर दुसरा माणूस तयार आहे." म्हणजे नवी पिकअप आली तर काम दुप्पट, नाही आली तर आहे तेही गेलं आणि सहा बायका घरी. गाडी विकत घ्यायला पैसे नव्हते, सगळे मी भाजी ताजी ठेवायच्या शीतखोलीत घातले होते. माझ्या कागदांवर कर्ज कुणी देईना. एकच कंपनी लीजवर द्यायला तयार होती. लीज म्हणजे गाडी त्यांची, वापर आपला. दरमहा ठरलेलं भाडं, तीन वर्षांनी गाडी परत करायची नाहीतर नवी घ्यायची. आडगावच्या पुढे हायवेला त्यांचं शोरूम. तिथे मी भाव करायला गेले.

तीनदा गेले. मॅनेजर म्हणजे टाय लावलेला एक किडकिडीत पोरगा, बोलायला गोड. पहिल्या दिवशी पेढा दिला. मी पेढा खाऊन भाड्याचा आकडा थोडा खाली आणला. दुसऱ्या दिवशी आणखी थोडा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, हे शेवटचं."

"शेवटचं माणसाचं असतं. भावाचं नसतं," मी म्हटलं. "आणि ही प्रोसेसिंग फी कसली?"

"फाइल प्रोसेस करायची, मॅडम."

"फाइल मी आणली, झेरॉक्स मी काढल्या, सह्या मी केल्या. प्रोसेस मी केलीय. फी मला द्या."

तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी टेबलावर हात आपटला. टेबलावर पिकअपचं छोटं मॉडेल ठेवलेलं, ते पडलं आणि त्याचं चाक निघून रखवालदाराच्या पायापर्यंत घरंगळलं. मी म्हणाले, "बघा! एका दणक्यात चाक निघतं आणि भाडं विमानाचं मागता!" शोरूममधली दोन गिऱ्हाइकं उठून निघून गेली. पोराचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "मॅडम, सॉरी. आमची कंपनी तुमच्याबरोबर व्यवहार करू शकत नाही."

एक तारखेला चार दिवस राहिले होते.

मी शेडमध्ये येऊन बसले. बायकांना काही सांगितलं नाही, पण बायकांना सगळं कळतं. मेथी निवडण्याचा आवाजसुद्धा बंद झाला. काका खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लीज म्हंजे काय?"

मी सांगितलं.

"म्हंजे हंगामापुरता बैल आणायचा. वैरण आपली, बैल त्यांचा. मग यात काय नवं हाय? चल."

"ते मला दारात उभं करणार नाहीत, काका."

"तू कशाला उभी राहतीस? तू बसायचं. काचेच्या बाहेर. नीट दिसशील अशी बस. पण तोंड उघडायचं नाय. शपथ घे गळ्याची."

शपथ घेतली. दिसशील अशी का, ते विचारायला सुचलं नाही. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, नजरेसमोर कुणी असावं म्हणून म्हणत असेल.

दुसऱ्या दिवशी काका धुतलेलं धोतर, नवं उपरणं, कपाळाला बुक्का अशा थाटात शोरूममध्ये शिरले. मी बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. काचेचं दार सताड उघडं होतं, त्यामुळे दोघं मोठ्याने बोलत तेवढं सगळं ऐकू येत होतं. ते पिकअपभोवती फिरले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दिव्यांसमोर वाकून म्हणाले, "डोळं साफ हायत." मागच्या फाळक्यावर थाप मारली आणि गाडी हलते का पाहिलं. मग मॅनेजरला म्हणाले, "तोंड उघड."

पोराने स्वतःचं तोंड उघडलं.

"तुझं नाय. हिचं."

त्याने बॉनेट उघडलं. काकांनी आत बराच वेळ डोकावून पाहिलं. "किती चाललीय?"

"नवी आहे, काका. अजून चाललीच नाही."

"म्हंजे आदत. दात यायचेत अजून. चालवून दाखव. सरळ नको. वळवून, मागं घेऊन, पुन्हा वळवून."

पोराने टाय खांद्यावर टाकून शोरूमच्या अंगणात गाडीचे तीन वळसे घेतले. काका बाजूने चालत होते, मान तिरकी करून चाकांच्या चालीकडे बघत. रखवालदार, चहावाला, हायवेवर थांबलेले दोन ट्रकवाले, सगळे जमा झाले. गाडी थांबल्यावर काकांनी चालू इंजिनवर तळहात ठेवला. "श्वास बरा हाय," म्हणाले. आणि मग, "आता खोड सांग."

"खोड म्हणजे, काका?"

"चांगलं काय हाय ते तुझ्या कागदावर छापलंय. वाईट काय ते तू सांग."

मी तीन दिवस घसा फोडून जे बाहेर काढू शकले नव्हते, ते त्या पोराने दोन मिनिटांत सांगून टाकलं. कदाचित त्याला आजवर कुणी एवढ्या सरळ विचारलं नसेल. महिन्याला किलोमीटरची मर्यादा आहे. वर गेलं तर किलोमीटरमागे दंड. परत देताना ओरखडा असेल तर कापून घेतात. टायर ठरावीक वेळाच बदलून मिळतात. मध्येच लीज मोडली तर भुर्दंड. सगळं शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.

"किती चालवायचं ते बैलवाला ठरवणार?" पुन्हा आत टेबलाशी येत काका म्हणाले. "ही हरसूलच्या बाजारात माल आणायला जाणार, पेठच्या घाटात चढणार, ओझरला तर रोजचीच. घाटात मोजत बसंल का ती?"

"पॉलिसी आहे, काका."

"हात दे."

काकांनी उपरणं टाकलं. पोराने इकडेतिकडे बघून हात आत घातला आणि खुदकन हसला. गुदगुल्या झाल्या असाव्यात. मग हसायचा थांबला. उपरणं वरखाली होत होतं. पोराच्या कपाळावर घाम. काका शांतपणे बाहेर हायवेकडे बघत होते. मध्येच ते त्याच्या कानाशी वाकले आणि काहीतरी दोन वाक्यं बोलले. पोराने मान वर केली आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं. मी शपथेला जागून गप्प होते, पण नुसतं बसून अंग आंबलेलं, म्हणून उठले आणि सवयीने पदर खोचला.

पोराने लगेच मान हलवली. हलवतच राहिला.

"झालं," काका बाहेर येऊन म्हणाले. "विसार दे."

भाडं किती ठरलं ते मी कागदावर दोनदा वाचलं. मी इथे आकडा लिहीत नाही. मार्केट यार्डातली माणसं हे वाचतील आणि त्यांची जेवणं जातील. मी मनात जो खालचा आकडा धरला होता, त्याच्याही खाली. किलोमीटरची मर्यादा पेनाने खोडलेली, बाजूला सही. प्रोसेसिंग फी गायब. ओरखड्याला माफी. गाडी एक तारखेच्या आदल्या दिवशी दारात आली. काकूंनी तिला ओवाळलं आणि काकांनी तिच्या बॉनेटला गुळाचा खडा चिकटवला. तो काढताना रंग खरवडला. पहिला ओरखडा तोच.

त्या गाडीने मला तीन वर्षं जे सुख दिलं ते नवऱ्याने दिलं नव्हतं. कॅन्टीनच्या गेटवर पावणेसहाला भाजी. सहाच्या अकरा बायका झाल्या. यार्डात लोक विचारायचे, "ताई, एवढ्यात कशी पाडली?" मी म्हणायचे, "तोंड लागतं." काकांचं नाव घेत नव्हते असं नाही. शेवटी घ्यायचे. गर्दी पांगल्यावर.

शोरूमची वागणूक तर काय सांगावी! सर्व्हिसिंगची वेळ झाली की माणूस येऊन गाडी घेऊन जायचा, धुऊन परत आणून द्यायचा. एकदा मीच हौसेने गेले, तर मॅनेजर पळत गेटवर आला. "ताई, आत नका येऊ. ऊन आहे."

"ऊन बाहेर आहे."

"हो, म्हणजे आत एसी फार आहे." आणि चहा तिथेच, गेटवर. सोबत पेढा.

मी घरी येऊन सांगितलं, माणसं किती आदर करतात बघा. काका खाटेवर होते. त्यांना अचानक ठसका लागला.

पुढच्या वर्षी काका पेठकडे लेकीच्या पाड्यावर राहायला गेले. "इथं आता बैल दिसत नाय," म्हणाले, "नुसत्या नंबरप्लेटी दिसतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आकडेच आकडे, उघडेनागडे. बघवत नाय." शेडचं भाडं तेच ठेवून गेले. लसणाच्या जागेवर कोपऱ्यात त्यांची खाट अजून आहे. बायका त्यावर बसत नाहीत.

गेल्या महिन्यात लीज संपली.

मी तयारी केली होती. आठ दिवस. जुनं गिऱ्हाईक म्हणून एक मुद्दा, वेळेवर भाडं दिलं म्हणून दुसरा, बाजारात तुमचं नाव केलं म्हणून तिसरा, शिवाय डिझेलचे भाव, शेजारच्या कंपनीची जाहिरात, आणि गरज पडली तर रडू. यावेळी काका नव्हते. यावेळी सगळं माझं होतं. शोरूमचं दार मी स्वतः ढकललं आणि आत गेले.

मॅनेजरचा टाय गेला होता, पोट आलं होतं. मला पाहून तो उभा राहिला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने कागद पुढे सरकवला. नवी पिकअप, तेच भाडं, किलोमीटर मोकळे, फी नाही.

मी कागद बघितला. उलटा करून बघितला. शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरातही काही नव्हतं.

"हे काय?" मी म्हटलं.

"तुमचा भाव, ताई."

"भाव असा असतो? आधी जास्त सांगायचं असतं."

"नको, ताई."

"जास्त सांग. मी कमी करते."

"ताई, प्लीज."

"अरे, निदान फी तरी लाव! एवढी तयारी करून आलेय!"

तो खुर्चीत बसला, रुमालाने मान पुसली आणि म्हणाला, "मला बोलायचं नव्हतं, ताई. पण तुम्ही भाव करायला लागलात, म्हणजे करार मोडतोय ना. काकांनी तेव्हा शब्द दिला होता. म्हणाले, 'एवढ्यात दे, ती बाई इथे पुन्हा भाव करणार नाय. ना ह्या गाडीला, ना पुढच्या. माझा शब्द. नाय दिलंस तर मी चाललो घरी. तिला इथंच ठेवून.'"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. रखवालदारच असणार.

मी तिथूनच फोन लावला. बराच वेळ वाजला. मग घंटांचा आवाज आला, गुरं चरायला निघाली असावीत, आणि काकांचा.

"कोन?"

"मला विकलंत तुम्ही!"

"आवाज येत नाय."

"घंटा ऐकू येतायत मला, तुम्हाला माझा आवाज येत नाही? मला दाखवून भाव पाडलात! दिसशील अशी बस म्हणे!"

 मग काका म्हणाले, "त्यानं सांगितलं? पोरगा चांगला हाय, पण पोटात राहत नाय त्याच्या."

"मी शब्द दिला होता का?"

"तू नव्हता दिला. मी दिला."

"माझ्या तोंडाचा शब्द तुम्ही कोण देणार?"

"दलाल. दलाल दोन्हीकडचा शब्द देतो, त्याला म्हंत्यात सौदा. जन्मात माझा सौदा कधी मोडला नाय." मध्येच त्यांनी कुठल्यातरी गुराला हाकारलं. "आता तू तिथं बसलीयंस. मोडायचा तर मोड. मी काय तिथं नाय."

आणि फोन बंद.

शोरूममध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. मॅनेजरने पेन टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतला, कुत्र्यापुढे भाकरी ठेवून घेतात तसा. माझ्या तोंडात आठ दिवसांचा माल भरलेला होता. सगळे मुद्दे, सगळी उदाहरणं, रडूसुद्धा. भाडं आणखी खाली आलं असतं. येत होतं! त्या पोराच्या डोळ्यांत मला दिसत होतं, अजून जागा होती. फक्त तोंड उघडायचं होतं.

मी सही केली. सगळ्या पानांवर. एक शब्द न बोलता. मॅनेजर उठून पाणी आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

म्हणून हे लिहून काढलं. हरसूलच्या आठवडे बाजाराला काका अजून जातात, असं त्यांच्या लेकीने सांगितलं. येत्या बाजाराला मी नवी गाडी घेऊन येतेय. काका, मी दोन प्रश्न विचारणार आहे, चारचौघांत, आणि तुम्ही निंबाकडे बघायचं नाही. मला न विचारता माझा शब्द तुम्ही दिलात कसा, हा एक. त्याचं उत्तर तुम्ही द्याल, तुमच्याकडे कायम असतं. पण मोडायला मोकळी असताना, भाव डोळ्यांसमोर खाली येत असताना, मी तो का पाळला? हे मला ठाऊक नाही. तुम्ही केलंय हे. तुम्हीच सांगायचं.